बाद झालेली मुलाखत

ऑफिसात सगळे त्यांना बक्कलताई म्हणत आणि तेही तोंडावर. दुसऱ्यांच्या घरी जायचं असलं की ताई नेहमी एकाच तऱ्हेचे सँडल घालत. त्यांच्या पट्ट्याला बारीकसं बक्कल होतं, आणि ते छिद्रात अडकवताना धडधाकट माणसालाही दोन-तीन मिनिटं लागत. दुकानदाराने एकदा त्यांना नुसते पाय सरकवायचे सँडल दाखवले तर ताईंनी ते हातातही धरले नाहीत. त्यांना ती दोन-तीन मिनिटंच हवी असत.

ताईंचं काम होतं लोकांना विचारण्याचं. कंपन्या नवी वस्तू बाजारात आणण्याआधी ती लोकांना रुचते का, घरात कशी वापरली जाते, कुठे अडते हे जाणून घेतात, आणि ते जाणून घ्यायला ताईंसारख्या माणसाला घरोघर पाठवतात. तास-दीड तास बसायचं, ऐकायचं, लिहायचं. मुलाखत संपली, रेकॉर्डर बंद झाला, वही पिशवीत गेली की ताई दारात येत, वाकत आणि बक्कल लावायला घेत. वाकल्या वाकल्या, मान वर न करता, एखादा प्रश्न विचारत. समोरच्याला वाटे की काम तर आटपलं, आता या नुसत्या गप्पा. मग तासभर ओठांच्या आत राहिलेलं बाहेर पडे. ताई सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "हे लिहून घेऊ का?" बहुतेक जण घ्या म्हणत. जे नको म्हणत, त्यांचं बोलणं ताई जिन्यातच सोडून येत.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि तोंडाचे भारी मिश्किल होते. "साऱ्या गावाच्या मनातलं हिला कळतं, फक्त माझ्या बाबतीत हिचं सर्वेक्षण कच्चं राहिलं," असं ते कोणीही पाहुणा आला की सांगत. ताई त्यावर कधी काही बोलल्या नाहीत, पण ते चहात साखर किती घेतात हेही त्यांनी गेल्या तीस वर्षांत विचारलेलं नव्हतं. त्यांना ते माहीतच होतं.

या कामात त्या आल्या बाविसाव्या वर्षी. तेव्हा छापील फॉर्म असायचे आणि घरोघर हिंडून खुणा करायच्या. समाधानी आहात का, फार, बरे, थोडे, मुळीच नाही. कपडे धुण्याच्या एका पावडरीचे फॉर्म भरताना ताईंच्या लक्षात आलं की बायका 'फार समाधानी' म्हणतात आणि तेवढ्यात पावडरीचं खोकं कपाटामागे सरकवतात. त्यांनी मागे डोकावून पाहिलं. तिथलं खोकं मोरीतल्या ओलीने भिजून फाटलेलं होतं आणि घराघरात पावडर जुन्या डब्यात ओतून ठेवलेली होती. फॉर्ममध्ये खोक्याचा प्रश्नच नव्हता. ताईंनी ते समासात लिहिलं. वरिष्ठांनी झाप झाप झापलं की समास टाचणी मारायला असतो. पण पावडरवाल्यांच्या एका माणसाने नेमका समासच वाचला, आणि वर्षभरात ती पावडर झाकणाच्या डब्यात मिळू लागली. तेव्हापासून ताईंना खुणा करायला कोणी पाठवलं नाही. मला विचाराल तर आकड्यांवर जगणाऱ्या माणसांनी आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या मोरीत उभं राहून पाहायला हवं, पण ते जाऊ दे.

ताई चोपन्न वर्षांच्या असताना बादल्यांचा कारखानदार त्यांच्या ऑफिसात आला. बादल्या, टब, मग, असला माल तो करायचा. त्याच्या आईचा बाथरूममध्ये पाय घसरला होता आणि मनगट मोडून सहा आठवडे प्लास्टर घालावं लागलं होतं. त्या सहा आठवड्यांत त्याने कारखान्यात बसून स्वतःच्या हाताने आंघोळीचं एक स्टूल बनवलं. पाय रुंद, खाली रबर, दोन्ही बाजूंना कठडे, मागे टेकायला पाठ, पुढे धरायला एक दांडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कठड्याला एक लाल बटण. ते दाबलं की घरात बेल वाजणार. बटणाबद्दल बोलताना त्याचा आवाजच बदलायचा.

स्टुलाचा साचा महिनाअखेरीला कापायला द्यायचा होता. साचा एकदा पोलादात कापला की बोटभर फरकही करता येत नाही. म्हणजे जे काय चुकलं असेल ते तिथून पुढे हजारो स्टुलांत तसंच्या तसं उतरणार होतं, आणि ती स्टुलं ज्यांच्यासाठी होती त्यांना पडणं परवडणारं नव्हतं.

आधी दोन बैठका झाल्या. आठ-आठ ज्येष्ठ मंडळी, मध्ये स्टूल, बाजूला चहा-बिस्किटं. एका भिंतीला पलीकडून आरपार दिसेल असा आरसा होता आणि आरशापलीकडच्या खोलीत कारखानदार आणि ऑफिसचे साहेब बसलेले. हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं होतं. मंडळींनी स्टुलाची अशी काही तारीफ केली की आरशामागे कारखानदार शाळेच्या स्नेहसंमेलनात पोराचा नाच बघणाऱ्या बापासारखा फुलून गेला. कुणी बसून पाहिलं, कुणी बटण दाबून पाहिलं. साहेबांनी अहवालाचं पहिलं वाक्य मनात जुळवूनही टाकलं.

ताईंना मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतं. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी बैठकीचं टिपण पुन्हा वाचलं. आमच्या सासूबाईंना उपयोगी पडेल. शेजारच्या काकांना घेऊन देईन. माझ्या मोठ्या बहिणीला सांगते. सोळा माणसं बोलली होती, पण 'मला हवं' असं एकानेही म्हटलं नव्हतं. आणि त्या सोळांतले तिघे जण निघताना खुर्चीवरून उठायला भिंतीचा आधार घेत होते, हे ताईंनी स्वतः पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडे दहा दिवस मागितले. नऊ घरांत नमुन्याची नऊ स्टुलं ठेवायची आणि आठव्या दिवशी परत आणायला जायचं. वस्तू परत मागताना माणूस कसा देतो यावर ताईंचा सगळ्यात जास्त विश्वास होता. तोंडदेखलं कौतुक कोणीही करतं, परत देताना तोंड सांभाळणं कठीण असतं. शिवाय ज्यांच्याकडे स्टूल ठेवलेलं नाही अशा एक-दोघींशीही त्यांना बोलायचं होतं. साहेब कुरकुरले, पण कारखानदार लगेच तयार झाला. तो घरच्यांचं एकवेळ ऐकणार नाही, पण परक्या दहा माणसांनी सांगितलं की त्याला ते काळ्या दगडावरची रेघ वाटे.

आठव्या दिवशी सकाळी पहिल्या दोन घरांत स्टूल मूळ खोक्यात, चिकटपट्टी लावून तयार होतं. दोन्हीकडे ताईंना ते फारच छान असल्याचं सांगण्यात आलं. दुपारी त्या तिसऱ्या घरी गेल्या. हे घर स्टूल न दिलेल्यांपैकी होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात त्या वेळी एक आजी एकट्याच होत्या. नीटनेटक्या, काटक, उजवं मनगट किंचित वाकडं. तासभर त्यांनी मोजूनमापून उत्तरं दिली. आंघोळीला त्रास नाही, गुडघे बरे आहेत, सगळं व्यवस्थित. मग म्हणाल्या, चल, माझी झाडं बघ. बाल्कनीत तीन कुंड्या एका स्टुलावर मांडलेल्या होत्या. बसायला प्लास्टिकऐवजी लाकडी फळी, रुंद पाय, खाली रबर. कठड्याला लाल बटण आणि त्याची वायर एका रोपाला आधार म्हणून गुंडाळलेली.

असं स्टूल अख्ख्या जगात एकच असू शकत होतं. हातांनी बनवलेलं, पहिलं.

ताईंनी विचारलं, "आजी, तुमचा मुलगा काय करतो?"

"बादल्या करतो," आजी शांतपणे म्हणाल्या.

या धंद्यात एक साधा नियम आहे. मुलाखत ठरवताना आधी फोनवर विचारतात, की घरात कोणी असल्या वस्तू बनवणारं आहे का. असलं तर ते घर गाळायचं, कारण तिथलं उत्तर निखळ राहत नाही. आजींनाही विचारलं होतं. आजी चक्क खोटं बोलल्या होत्या. फोन खरं तर शेजारणीला आला होता आणि आजींनी हट्टाने तिची जागा मागून घेऊन उत्तरं दिली होती. मुलगा रोज जेवताना या चौकशीबद्दल भरभरून बोलायचा, ताईंच्या सँडलसकट. त्यामुळे आजींना सगळं ठाऊक होतं.

"आता ते बक्कल लाव आणि काय विचारायचं ते विचार," आजी म्हणाल्या.

तीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंचा डाव कोणी असा उघडा पाडला होता. त्यांना हसू आवरलं नाही. पण त्या दारात गेल्या, वाकल्या आणि खरोखरच बक्कल हातात घेतलं. मग विचारलं, की इतकं चांगलं स्टूल असून तुम्ही त्यावर बसत का नाही?

आजींनी सांगायला सुरुवात केली. मुलगा गुणाचा आहे. फारच गुणाचा. मी आंघोळीला गेले की हा दाराबाहेर येऊन उभा राहतो. आई, झालं का? आई, पाणी फार गरम नाही ना? जरा आवाज थांबला की दार वाजवतो. मग मी भराभर आटोपते. आता त्या बटणापायी तर त्याचे कान चोवीस तास तिथेच लागणार. म्हातारं झालं तरी माणसाला चार भिंतींत दहा मिनिटं कोणी ऐकत नाही असं असावं लागतं.

एवढं बोलून त्या थांबल्या. बक्कल अजून लागलं नव्हतं.

"पडले त्या दिवशीही दार वाजलं म्हणूनच घाईने उठले," आजी हळूच म्हणाल्या. "हे त्याला कळता कामा नये. जन्मभर स्वतःला खात बसेल."

अशी मुलाखत आयुष्यात एकदा मिळते, आणि ही त्यांना वहीत ठेवता येणार नव्हती. त्यांनी आजींना ते स्पष्ट सांगितलं. तुम्ही मला जे सांगितलंत ते तुमच्या मुलाला माझ्याकडून कधीच कळणार नाही, पण नियमाप्रमाणे तुमची मुलाखत मला बादच करावी लागेल. यातला एक शब्दही अहवालात येणार नाही.

आजींचा चेहरा पडला. परक्या दहा जणींच्या आडून आपलाही शब्द मुलाच्या कानावर घालायचा हा त्यांचा बेत होता, आणि तो फसला होता. मग त्या म्हणाल्या, "मी बाद, हे कबूल. पण माझा प्रश्नही बाद का?"

जिन्यात उतरताना ताई दोनदा थांबल्या. खाली येऊन त्यांनी वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'निकषात बसत नाही. बाद.' आणि मग नव्या पानावर त्यांनी एकच प्रश्न लिहिला. तुम्ही आंघोळीला गेलात की दाराबाहेर कोण असतं?

उरलेल्या सात घरांत त्यांनी तो दारात वाकून विचारला. पहिल्या दोन घरांतही पुन्हा गेल्या. चिकटपट्टी लावलेल्या खोक्यांबद्दल त्यांनी कोणाला एका शब्दाने टोकलं नाही. प्रश्न विचारला की आधी माणसं थबकत आणि मग धरण फुटल्यासारखी बोलत. कोणाची सून होती, कोणाची मुलगी. एका निवृत्त हेडक्लार्कने सांगितलं की तो आत गेला की बायको रेडिओ बंद करते, म्हणजे तो पडला तर ऐकू यावं. "त्यामुळे रोज सकाळचं गाणं माझंही बुडतं आणि तिचंही," तो म्हणाला. त्यानेच बटणातला सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातला होता, आणि घड्याळ उत्तम चालत होतं. नऊपैकी सात घरांत दाराबाहेर कोणी ना कोणी उभं होतं, प्रेमाने, कान देऊन.

शेवटच्या घरातल्या बाईंनी स्टूल परत द्यायलाच टाळाटाळ केली. त्यांनी नातवाचा पाना घेऊन दोन्ही कठडे आणि पाठ काढून टाकली होती आणि पुढची दांडी तेवढी ठेवली होती. ती धरून त्या कोणाला हाक न मारता उठायच्या. कठडे पाहिले की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं, त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "अजून चार दिवस राहू दे ना." नऊ घरांत हे म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

महिना संपायला तीन दिवस असताना ताईंनी कारखानदारासमोर आणि साहेबांसमोर निष्कर्ष मांडले. घरांची नावं नाहीत, नुसते क्रमांक. कोण काय म्हणालं ते त्यांनी जसंच्या तसं वाचून दाखवलं, रेडिओसकट. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही मदत येण्याची सोय केली आहे. यांना मदत लागणार नाही अशी सोय हवी आहे." कठडे नकोत, पाठ नको, बेल तर मुळीच नको. दांडी हवी, आणखी जाड, ओल्या हातात न निसटणारी.

कारखानदार आधी चिडला. बेल हीच तर सगळी कल्पना होती, तीच काढून टाकायची तर राहिलं काय, असं त्याने बरंच काही ऐकवलं. साहेबांनी मध्ये पडून थोडं मवाळ करून पाहिलं. ताई हटल्या नाहीत. त्याने कागद ओढून घेतला आणि सातही जणांचं बोलणं पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. साहेबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तरी तो वाचतच होता.

मग मान वर न करता त्याने विचारलं, "ताई, यात कोणी असं म्हणालं का, की दार वाजलं म्हणून घाईत उठले आणि पडले?"

ताईंच्या पिशवीत वही होती आणि वहीत आडव्या रेघेचं पान होतं. शब्द दिलेला एकीकडे, आणि समोर हा माणूस.

"या नऊ घरांत असं कोणीही म्हणालं नाही," त्या म्हणाल्या. आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मी वाजवलं होतं," तो म्हणाला. "त्या दिवशी. दोनदा वाजवलं, आणि मग आतून आवाज आला. आईला ते आठवत नाही. निदान ती तसं कधी बोलली नाही. म्हणून मग मी ही बेल केली, की पुन्हा दार वाजवायची वेळ येऊ नये."

ताईंना तेव्हा सगळा उलगडा झाला. एका घरात दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून जिवापाड लपवत होती. मुलाला वाटत होतं आईला ठाऊक नाही, आईला वाटत होतं मुलाला कळू नये, आणि मध्ये ते बिचारं स्टूल कुंड्या सांभाळत उभं होतं. एका शब्दाने त्यांना ही गाठ सोडवता आली असती. पण तो शब्द त्यांचा नव्हता. दुसरी एखादी बाई बोलून मोकळी झाली असती, आणि तिला कोणी दोषही दिला नसता. ताईंनी नुसते कागद गोळा केले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे गेल्या.

बक्कल सुटलेलं नव्हतंच. तरी त्या वाकल्या, त्यांनी ते सोडलं, आणि पुन्हा लावायला घेतलं.

"हे तुम्ही आईंपाशी कधी बोललात का?" त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

तो नाही म्हणाला.

"मग बोलून बघा. त्या काय म्हणतील ते मला सांगू नका. मी लिहून घेणार नाही."

साचा तीन दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी कापायला गेला. दरम्यान कारखानदाराने दांडीचे सहा नमुने केले, आणि ताईंनी ते ओल्या, साबणाच्या हातांनी बारा म्हाताऱ्या माणसांना धरायला लावले. स्टूल दिसायला आता इतकं साधं झालं की ते दाराशी ठेवून लोक त्यावर बसून बूटही घालू लागले. घरातली सगळीच माणसं वापरतात म्हटल्यावर म्हातारी माणसंही वापरू लागली. साहेबांनी अहवालाच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं. ताईंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या कामाची यादी उघडली.

पहिलं स्टूल तयार झालं तेव्हा कारखानदार ते घेऊन स्वतः ऑफिसात आला. ताईंच्या टेबलाशी ठेवलं, त्यावर बसून दाखवलं, दांडी धरून उठून दाखवलं. जायला निघाला आणि दारात घुटमळला.

"आईने कुंड्या खाली ठेवल्या आहेत," तो म्हणाला. "ते लाकडी फळीचं स्टूल आत घेतलंय. नवीन देतो म्हटलं तर नको म्हणाली, हेच पाहिजे. बेल तेवढी मला काढायला लावली."

ताईंनी मान डोलावली.

"मी सकाळी आता स्वयंपाकघरात बसतो. तिला वेळ लागतो. चहा दोनदा गरम करावा लागतो. पण हाक मारत नाही."

ताईंनी सवयीने विचारलं, "हे लिहून घेऊ का?"

तो हसला आणि नको म्हणाला. ताईंनी पेन खाली ठेवलं.